सव्वापट वजन

चूक खरं तर एवढीच झाली, की त्या शनिवारच्या पालकसभेला बायकोऐवजी तपासनीस गेले.

एरवी शाळेचं खातं बायकोकडे आणि गळक्या नळांचं खातं तपासनिसांकडे, अशी घरात वाटणी होती आणि ती दोघांच्याही अंगवळणी पडली होती. (नळ तरीही गळत, ही गोष्ट वेगळी.) पण त्या दिवशी बायको ज्या दातांच्या दवाखान्यात काम करायची, तिथे कुणाची तरी अक्कलदाढ ऐन वेळी आडवी निघाली. तिने फोन करून सांगितलं, "अहो, सभेला तुम्ही जाऊन या. नुसतं बसा, ऐका आणि घरी या. काही करू नका." शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं. तपासनिसांनी ते एकदाही ऐकलं नाही.

तपासनीस म्हणजे लिफ्टतपासनीस. शहरातल्या लिफ्टा वर्षातून एकदा तपासायच्या, दोर, ब्रेक, दारं बघायची आणि कागदावर 'पास' म्हणून सही ठोकायची, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. कामात माणूस चोख. आपण पास केलेली लिफ्ट आजवर एकदाही अडकलेली नाही, हे वाक्य ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी ऐकवत.

लेक दहावीला होती. लहानपणापासून पेन्सिलीची टोकं कुरतडायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं खारू. खारू हुशार होती, हे बापाचं कौतुक नव्हे, प्रगतिपुस्तकातच तसं लिहिलेलं होतं. पण पूर्वपरीक्षेत गणिताचा पेपर हातात पडला आणि तिचं डोकं बंद पडलं. चाळीस मिनिटं ती पहिल्या प्रश्नाकडे नुसती बघत बसली. आदल्या दिवशी तसंच गणित तिने आईला बोलता बोलता सोडवून दाखवलं होतं. घरी आली ती थेट बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. नळ किती मोठा सोडला की रडणं ऐकू येत नाही, हे गणितही तिचं त्या दिवशी चुकलं. दाराबाहेर तपासनीस टॉवेल घेऊन उभे होते. काय करावं ते त्यांना कळेना. नट सैल झाला तर तो आवळता येतो, इथे आवळायचं काय? बोर्डाचा गणिताचा पेपर पाच आठवड्यांवर आला होता आणि तिथे पोरीचं पुन्हा असंच झालं तर, हा विचार त्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

तर अशा मनःस्थितीत ते सभेला जाऊन बसले. शाळेच्या समुपदेशक बाई बोलत होत्या. आवाज मऊ, पण शब्द बरोबर बसायचे तिथेच बसत होते.

"परीक्षेची भीती मुलांना जेवढी असते ना, त्याच्या दुप्पट तुम्हाला असते," बाई म्हणाल्या, "आणि ती तुम्ही रोज सकाळी त्यांच्या डब्यात भरून देता. पेपर कसा गेला म्हणून विचारू नका. दुसऱ्यांच्या मुलांचे मार्क घरात काढू नका. मूल घाबरलं तर म्हणावं, जरा श्वास घे, जे येतंय ते आधी सोडव, अवघड राहू दे बाजूला. हवं तर घरी एकदा सरावाचा पेपर सोडवून घ्या. पण हसतखेळत."

तपासनीस मुलांच्या बाकात गुडघे अडकवून सगळं उतरवून घेत होते. 'घरी पेपर सोडवून घ्या' याच्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. 'हसतखेळत'पाशी येईपर्यंत पान संपलं.

"काही शंका?" बाईंनी विचारलं.

तपासनीस उठले. (गुडघे आधी उठले नाहीत, त्यामुळे बाकही थोडं उठलं.) "मॅडम, भार किती ठेवायचा?"

"कसला भार?"

"पेपरचा. म्हणजे बघा, लिफ्ट सहा माणसांची असेल तर आम्ही तिच्यात साडेसात माणसांचं वजन ठेवून बघतो. सव्वापट. ते पेललं तर रोजचं वजन म्हणजे किस झाडकी पत्ती. तसं पेपर सव्वापट जड ठेवला तर—"

"तुम्हाला मुलगी आहे ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग ठीक आहे. मला वाटलं, आमच्या शाळेची लिफ्ट तपासायला आलात."

सगळे पालक हसले. तपासनीसही हसले, कारण बाईंनी सव्वापटीला नकार दिलेला नव्हता.

बुधवारी संध्याकाळी घरात पहिली चाचणी झाली. जेवणाचं टेबल खिडकीशी ओढलं. तीन तासांचा पेपर, वेळ अडीच तास. शिवाय खऱ्या परीक्षेत जे जे अडथळे येतात ते सगळे तपासनिसांनी आपल्या एकट्याच्या जिवावर उभे केले होते. पायात ऑफिसचे बूट घालून ते टेबलाभोवती चालत होते. दर दोन मिनिटांनी खोकत होते. मध्येच कपाट उघडून धाडकन लावत होते. एकदा स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी रिकामा मिक्सरही फिरवला.

दहाव्या मिनिटाला खारूने पेन खाली ठेवलं. "बाबा, मला काहीच आठवत नाहीये."

"घाबरू नकोस!" तपासनीस अशा आवाजात म्हणाले, की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

खारूचा चेहरा पांढरा पडला होता. ती रडली नाही, उठून खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. दार आपटलं असतं तर तपासनिसांना बरं वाटलं असतं.

बायको दवाखान्यातून आली तेव्हा ते बूट घालूनच सोफ्यावर बसले होते. तिने सगळं ऐकून घेतलं. रोज आठ तास घाबरलेल्या माणसांना "काही होत नाही, आ करा" असं सांगणारी बाई ती. ती म्हणाली, "अहो, आमच्याकडे घाबरलेला माणूस आला की आम्ही त्याला खुर्चीत बसवून आधी सुया मोजून दाखवत नाही."

"पण भार पेलायची सवय—"

"ती लेक आहे. तिच्यात बसून तुम्हाला सहाव्या मजल्यावर जायचं नाहीये."

इथे प्रकरण मिटलं असतं. तपासनिसांना पटलंही होतं. पण घर तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यांच्या बुटांखाली बरोबर दुसऱ्या मजल्यावर विमावाले राहत होते.

विमावाले हे काळजी करण्याचा धंदा करणारे गृहस्थ. दुसऱ्याला काळजी लावायची आणि मग तिच्यावर पॉलिसी द्यायची. डोक्यावर कवायत कोण करतंय ते बघायला ते वर आले, टेबलावरचा पेपर पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. "म्हणजे तुम्ही मुलीची गुपचूप परीक्षा घेताय! आणि आम्हाला पत्ता नाही! आमचाही दहावीलाच आहे हो."

त्यांचा मुलगा म्हणजे प्रोफेसर. चष्मा जाड म्हणून प्रोफेसर. पुस्तकाशी त्याचा संबंध फारसा नव्हता. 'परत असं करणार नाही' हे सांगायला तपासनिसांनी तोंड उघडलं, तेवढ्यात विमावाले म्हणाले, "सगळ्या इमारतीसाठीच ठेवा. तुमच्यासारखा नियमाचा माणूस दुसरा आहे कोण?"

आता बावीस वर्षांत तपासनिसांना असं कुणी म्हटलं नव्हतं. माणूस विरघळला. रात्रीच्या जेवणापर्यंत इमारतीतली दहावीची पाचही मुलं यादीत आली होती. गच्चीवरची खोली झाडून तिथे टेबलं लागली. बैठक क्रमांक पडले. विमावाल्यांनी चौदा नियम टाईप करून जिन्यात लावले. रविवार, सकाळी अकरा, गणित.

"बाबा, मी बसते," खारू म्हणाली. "पण फक्त या वेळी. आणि बूट नाही घालायचे."

"नाही घालणार. आणि तुला नको वाटलं ना, की सरळ उठून घरी ये. कुणी काही म्हणणार नाही." हे मात्र त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. पोरगी हो म्हणाली याचंच त्यांना इतकं बरं वाटलं होतं, की बायकोच्या भुवया त्यांना दिसल्याच नाहीत.

एकच अडचण होती. गच्चीवरच्या खोलीला लागूनच लिफ्टची मोटर. लिफ्ट जुनी, जाळीच्या दारांची. वर-खाली जाताना ती अशी घरघरायची की शेजारी बोललेलं कळू नये. तपासनिसांनी वॉचमनकाकांना बोलावलं. काका पूर्वी तारखात्यात होते, आणि आलेला हुकूम जसाच्या तसा पोचवणं हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

"काका, अकराच्या ठोक्याला लिफ्टचा मेन स्विच खाली ओढायचा आणि त्याला हे कुलूप घालायचं." तपासनिसांनी आपलं कामावरचं लाल कुलूप त्यांच्या हातात उघडंच दिलं. "नुसतं दाबलं की लागतं. किल्ली माझ्याकडे राहील. आमच्यात तसाच नियम आहे. एका कुलपाला एकच किल्ली, आणि ती एकट्या जबाबदार माणसाकडे. मग कुणी आगाऊपणा करून स्विच चालू करू शकत नाही."

"कुणी विनंती केली तर?"

"कुणीही करू दे. मी स्वतः हात जोडले तरी स्विच चालू करायचा नाही."

काकांनी हे वाक्य मनात दोनदा म्हणून घेतलेलं दिसलं.

रविवारी सकाळी बायको मुलांना घेऊन गच्चीवर गेली आणि तपासनीस पेपरच्या प्रती काढायला निघाले. पण एकटे जाऊ देतील तर ते विमावाले कसले? "तुमच्यावर अविश्वास नाही हो," ते म्हणाले, "पण पेपर फुटला असं उद्या कुणी म्हणायला नको." मग सहाव्या मजल्यावरच्या ब्यूटी पार्लरवाल्या बाईही आपल्या मुलीचं लिहायचं पॅड हातात घेऊन निघाल्या, कारण विमावाल्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. पाच मुलांचा, घरातल्या टेबलावर तयार झालेला पेपर, आणि त्याला तीन माणसांचा पहारा.

झेरॉक्सचं दुकान रविवारी दहाला उघडायचं, त्या दिवशी साडेदहाला उघडलं. पाच प्रती निघेपर्यंत मशीनने दोनदा कागद खाल्ला. मग तपासनिसांनी कामाचं जे जे ते ते एका पाकिटात, या आपल्या जुन्या शिस्तीने सगळं पाकिटात भरलं, त्यावर चिकटपट्टी मारली, तिघांनी पट्टीवर आडव्या सह्या केल्या आणि पाकीट विमावाल्यांनी छातीशी धरलं. इमारतीत परतले तेव्हा अकराला एक मिनिट कमी होतं.

"जिन्याने जाऊ या," तपासनीस म्हणाले.

"माझे गुडघे!" विमावाले म्हणाले.

तिघं लिफ्टमध्ये चढले. जिन्यामागे स्विचच्या पेटीशी वॉचमनकाका हातातल्या घड्याळावर नजर रोवून उभे होते. कोण चढलं, कोण उतरलं, इकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना कुणी ते बघायला सांगितलंही नव्हतं.

चौथा मजला गेला आणि लिफ्ट थांबली. दिवा गेला. मोटरची घरघर थांबून सगळी इमारत एकदम शांत झाली.

"काय झालं?" पार्लरवाल्या बाई म्हणाल्या.

"अकरा वाजले," तपासनीस म्हणाले.

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या अधेमधे लटकली होती. पाचव्या मजल्याची फरशी बरोबर त्यांच्या हनुवटीच्या उंचीवर येत होती, त्यामुळे समोर दिसत होती ती जाळी आणि कुणाच्या तरी दारातल्या चपला.

"तपासनीस, ही लिफ्ट तुम्हीच पास केलीत ना?" विमावाल्यांनी विचारलं.

"लिफ्ट ठणठणीत आहे!"

"मग आपण लटकलोय कशाने?"

"शिस्तीने," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी घंटेचं बटण दाबलं. घंटा बॅटरीवर चालायची. ती मात्र पहिल्या फटक्यात खणखणीत वाजली.

वॉचमनकाका जिना चढून धापा टाकत पाचव्यावर आले आणि जाळीतून खाली वाकून बघू लागले. "साहेब, तुम्ही आत? अकरा वाजले ना."

"काका, स्विच चालू करा!"

"तुम्ही हात जोडले तरी करायचा नाही, असं सांगितलंय तुम्हीच."

"अहो, तो हुकूम मी मागे घेतो!"

काकांनी विचार केला. "घ्या. पण कुलूप लागलंय. किल्ली तुमच्याकडे."

तपासनिसांनी शर्टाच्या खिशात हात घातला. पेन. पँटचा उजवा खिसा, रुमाल. डावा खिसा, कालचं किराणा दुकानाचं बिल. मागचा खिसा रिकामा. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला त्यांच्या कपाळावर घाम आला.

खरं सांगायचं तर ते बावीस वर्षं दुसऱ्यांनी पास केलेल्या, अडकलेल्या लिफ्टच्या बाहेर उभे राहिले होते. आतल्यांना "घाबरू नका, हवा संपत नाही" असं ओरडून सांगताना त्यांना नेहमी वाटायचं, ही माणसं एवढी बावचळतात कशाने? आत ते आज पहिल्यांदाच होते.

"हवा... हवा कमी होतेय," ते म्हणाले.

"अहो, चारी बाजूंनी जाळी आहे!" पार्लरवाल्या बाई त्यांना मुलीच्या पॅडने वारा घालत म्हणाल्या.

"साहेब, आता पुढं काय करायचं?" काकांनी विचारलं. माणूस अडकला तर काय करायचं, याचे एकोणीस टप्पे स्वतः तपासनिसांनीच लिहून काढले होते. शहरातल्या प्रत्येक मोटरखोलीत तो कागद लटकत होता. त्यातला एकही टप्पा आता आठवेना. कागद डोळ्यांसमोर दिसत होता, चौकट दिसत होती, खालची आपली सही दिसत होती, आणि मधली जागा कोरी. पोरीचंही असंच झालं असेल, हे त्यांच्या मनात आलं, आणि आपण तिला वरून "घाबरू नकोस" म्हणून ओरडलो याची त्यांना भयंकर लाज वाटली.

घंटा ऐकून वरून मुलं धावत आली. मागोमाग बायको. नवऱ्याचं डोकं फरशीच्या पातळीवर, दोन चपलांच्या मागे पाहून तिने तोंडाला पदर लावला. काळजीने की कशाने, ते पदरामागे दिसलं नाही.

खारू मात्र सरळ फरशीवर पालथी झोपली. बापलेकीची तोंडं समोरासमोर आली, मध्ये जाळी.

"बाबा, माझ्याकडे बघा. श्वास घ्या. एवढा मोठा नाही, साधा."

"खारू, मला काही येत नाही गं," तपासनीस म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच तो, पहिलीतल्या पोराचा होता.

"अवघड राहू दे बाजूला. जे येतंय ते सांगा. तुम्ही काम काय करता?"

"लिफ्ट तपासतो."

विमावाल्यांच्या नाकातून काहीतरी आवाज आला.

"बरोबर. कुलपाची किल्ली कुणाकडे असते?"

"एकट्या जबाबदार माणसाकडे."

"तो कोण?"

तपासनिसांना बराच वेळ लागला. "मी."

"शाब्बास. आता कामावर असता तेव्हा ती किल्ली तुम्ही कुठे ठेवता? घाई नाही. सवयीने कुठे जाते?"

तपासनिसांनी डोळे मिटले. बावीस वर्षांची सवय त्यांच्या बोटांत होती, डोक्यात नसली तरी. बोटं आपोआप हलली. "कामाच्या... कागदांबरोबर. पाकिटात."

"आणि आजचे कामाचे कागद?"

सगळ्यांच्या नजरा एकदम विमावाल्यांच्या छातीकडे वळल्या. विमावाल्यांनी पाकीट आणखी घट्ट धरलं. आतून बारीकसा किणकिण आवाज झाला.

"हे फोडता येणार नाही," ते म्हणाले. "नियम सहा. पाकीट परीक्षेच्या खोलीतच आणि परीक्षार्थींच्या समोरच उघडायचं. पेपर फुटेल!"

"अहो, आपण फुटायची वेळ आलीय!" पार्लरवाल्या बाई किंचाळल्या.

"नियम म्हणजे नियम. तपासनीस, तुम्हीच सांगा."

आणि दैवाची थट्टा बघा, तपासनिसांनी क्षणभर खरोखरच विचार केला.

"काका," खारू जाळीतून विमावाल्यांना म्हणाली, "आम्ही पाचही जण इथे आहोत. इथे जिन्यावर बसतो. म्हणजे ही परीक्षेची खोली झाली. तुम्ही आमच्यासमोर उघडा, आम्हाला पेपर द्या, आणि आम्ही लगेच लिहायला घेतो. मग फुटेल कसा?"

विमावाल्यांनी यात फट शोधली. सापडली नाही. मुलं पायऱ्यांवर एकेक सोडून बसली. पाकीट फुटलं, किल्ली काकांच्या हातात गेली आणि पाच प्रश्नपत्रिका जाळीतून एकेक करून बाहेर आल्या. प्रोफेसरने आपली घेतली आणि लगेच वडिलांकडे पाहिलं. वडिलांना पहिल्यांदाच त्याच्यापाशी जाता येत नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो आनंदाने लिहायला लागला.

काका खाली गेले. पाच मिनिटांनी जिन्यातून त्यांचा आवाज आला. "साहेब, कुलूप काढलंय! पण परीक्षा सुरू झाली ना? परीक्षा चालू असताना स्विच चालू करायचा नाही, असं ठरलंय. तुम्ही हात जोडले तरी."

"ते नाही जोडत!" पार्लरवाल्या बाई ओरडल्या. "मी जोडते!"

"बाईंबद्दल हुकूम नव्हता," काका म्हणाले आणि त्यांनी स्विच वर केला.

लिफ्ट घरघरत, खडखडत पाचव्यावर आली. जाळीची दोन दारं सरकली. विमावाले बाहेर पडून मोठ्याने नियम सात वाचू लागले, बायकोने त्यांना दवाखान्यातल्या आवाजात "काही होत नाही, बसा" असं सांगितलं आणि ते बसले. एवढा गोंधळ झाला, पण एकाही मुलाने मान वर केली नाही. सव्वापट कुठलं, दुप्पट-तिप्पट वजन पडलं होतं त्या जिन्यावर.

तपासनीस वरच्या पायरीवर जाऊन बसले. खारूचं पेन चालत होतं. मध्येच एकदा थांबलं. तपासनिसांचा श्वासही थांबला. तिने तो प्रश्न सोडला, पान उलटलं, पुढचं सोडवायला घेतलं. तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. पूर्ण अडीच तास ते तिथून हलले नाहीत, खोकलेसुद्धा नाहीत.

त्यानंतरचे चार आठवडे त्यांनी काही केलं नाही. (ही त्यांच्या नोकरीतली सगळ्यात अवघड कामगिरी होती, असं ते पुढे सांगत.)

बोर्डाच्या गणिताचा पहिला पेपर झाला त्या दिवशी ते शाळेच्या फाटकाशी उभे होते. खारू बाहेर आली. 'पेपर कसा गेला' हे शब्द त्यांनी जिभेवरून तीनदा गिळले आणि म्हणाले, "पाणी हवं का?"

"मध्ये एकदा डोकं बंद पडलं होतं," खारू आपणहून म्हणाली.

तपासनिसांना समोरचं फाटक नीट दिसेना. "मग?"

"मग तुम्ही आठवलात."

तपासनिसांचा ऊर भरून आला. "माझं काय आठवलं गं? शिस्त? की ते पद्धतशीर एकेक—"

"नाही हो. तुमचं तोंड. त्या चपलांच्या मागचं. 'मला काही येत नाही' म्हणताना कसं झालं होतं ना, तसं. मला इतकं हसू आलं, की सुपरवायझर बाई जवळ आल्या. आणि मग सगळं आठवत गेलं. सगळे प्रश्न सोडवले मी, बाबा."

तपासनिसांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. पोरगी हसत होती, बाथरूमच्या नळाआड ऐकलेलं ते रडणं कुठल्या कुठे गेलं होतं, आणि त्यांना वाटलं, ही अशी हसणार असेल तर आपण आयुष्यभर लिफ्टमध्ये लटकायला तयार आहोत.

"परवा भूमितीला मला सोडायला याल?" खारूने विचारलं. "मी मैत्रिणींना सांगितलंय. त्यांना तुम्हाला बघायचंय. पेपरच्या आधी."

बापाचा मान म्हणतात तो हाच. परवा तपासनीस इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला बरोबर घेऊन अर्धा तास आधीच फाटकाशी हजर झाले. सात-आठ मुली आल्या, त्यांच्यापुढे गोल करून उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा निरखून बघू लागल्या. त्यातली एक म्हणाली, "काका, तसं करून दाखवा ना."

बावीस वर्षं सरकारी सही करणाऱ्या त्या माणसाने आजूबाजूला पाहिलं, हनुवटी वर केली, डोळे मोठे केले आणि म्हटलं, "मला काही येत नाही गं."

मुली खो खो हसत, एकमेकींच्या अंगावर पडत आत गेल्या. एकीच्याही चेहऱ्यावर भीतीचं नाव नव्हतं. झालं काम, असं म्हणून तपासनीस रुमालाने कपाळ पुसत घराकडे वळले, तेवढ्यात बायकोने त्यांचा दंड धरला.

"अहो, हलू नका," ती म्हणाली. "ब तुकडी यायचीय अजून."